अठरा मीटरवरचा थर

“पडलाय, वाहिलाय, की तरंगत आलाय?”

“तरंगत,” मृदुला म्हणाली. “सर, अहवाल उघडून तरी बघा. पहिल्याच पानावर लिहिलंय.”

“वाचतो. आधी तू सांग.”

सर झाडत होते. मठीचं अंगण मोठं, वर दोन आंबे आणि एक बकुळ, त्यामुळे झाडून संपायचं नाव नाही. एक्याऐंशी वर्षांचा माणूस वाकून पाचोळा गोळा करतोय, आणि डॉक्टर मृदुला रेडीज, जिच्या भाषणाला परदेशात माणसं वही उघडून बसतात, ती अहवाल छातीशी धरून पायरीवर उभी. तीन तास गाडी चालवून आली होती बिचारी. पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. खांबेटे सरांनी चाळीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले आणि डोंगरावरच्या या मठीत येऊन राहिले. संन्यास वगैरे काही नाही हो. इथं एका जुन्या सत्पुरुषाची समाधी आहे, तिच्याकडे बघायला कुणी उरलं नव्हतं, आणि सरांच्याही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. एवढंच. येताना दोन ट्रंका भरून दगड आणले म्हणून गावकरी त्यांना दगडूबुवा म्हणतात. त्यांची ती नावाजलेली हातोडी हल्ली नारळ फोडते.

तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा जुना विद्यार्थी पायऱ्या चढून येतोच. पिशवीतून दगड काढतो. सर दगडाचं नाव विचारत नाहीत. नाव काय, कुणीही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. ते एकच विचारतात, हा इथं आला कसा?

मृदुलाचा दगड होता प्युमिस. ज्वालामुखीच्या तोंडून फसफसून उडालेली आणि फेसासकट गोठलेली काच म्हणा ना. आत इतकी भोकं, की दगड असून पाण्यावर तरंगतो. आपल्याकडे तसला ज्वालामुखी नाही. दूरच्या बेटांवरून समुद्रानं वाहून आणलेला एखादा तुकडा पुळणीवर सापडतो, तेवढाच. पण मृदुलानं परदेशात जाऊन याच दगडावर सहा वर्षं घालवली होती. थर बघितला, की तो कसा आला हे ती उभ्याउभ्या सांगायची, आणि समोरच्याला ते येत नसलं तर तिला हसू आवरायचं नाही.

“पडलेला असता,” ती आता सरांनाच शिकवू लागली, “तर आकाशातून आलेला. डोंगर असो, दरी असो, सगळीकडे सारखाच अंथरलेला दिसला असता. वाहिलेला असता तर उतारानं धावत दरीत भरला असता, लहानमोठं सगळं एकात एक कालवून. हा तसा नाही. घासलेला, गोल. तरंगतच आलाय.”

“बरोबर. कुठं?”

“सुरवेळला. खारवीवाडीच्या वर.”

“वर म्हणजे?”

“समुद्रापासून अठरा मीटर.”

झाडू थांबला.

“अठरा मीटर वर… तरंगत?”

“लाटेनं, सर. तेच तर सांगतेय! फार मोठी लाट. तीन-चारशे वर्षांपूर्वीची असणार. तिनं पुळणीवरचे हे दगड उचलले आणि वर टाकून दिले. या किनाऱ्यावर असा पुरावा आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही.”

“कुणाला सापडलेला नाही,” सर म्हणाले, आणि पुन्हा झाडू लागले.

ते कौतुक होतं की काय होतं, मृदुलाला कळेना.

आता यात एवढं काय, एक थर सापडला, सापडला… असं कुणी म्हणेल. पण एकदा लाट अठरा मीटर चढली, तर पुन्हाही चढेल. आणि खारवीवाडी आहे जेमतेम चार मीटरवर. साठ घरं, अंगणात जाळी, दारात होड्या. परवा गुरुवारी जिल्ह्याच्या कचेरीत बैठक होती. सगळी वाडी उचलून डोंगरापलीकडच्या माळावर न्यायची, समुद्रापासून अकरा किलोमीटर. नकाशा तयार, खुणेचे खुंटसुद्धा ठोकून झालेले. फक्त मृदुलाचा अहवाल यायचा होता, आणि त्यावर तज्ज्ञ म्हणून खांबेटे सरांची सही.

वाडीला हे तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं, देवळापुढच्या मांडवात. पुरुष मान खाली घालून बसले. एक बाई मागून म्हणाली, “आनि होड्या काय माळावर वल्हवायच्या?”

“जीव तर वाचेल,” मृदुलानं उत्तर दिलं होतं.

उत्तर चोख होतं. पण त्या दिवसापासून रोज पहाटेच तिची झोप मोडायची. कामाचा ताण, असं ती नवऱ्याला सांगायची. स्वतःलाही तेच सांगायची.

“सही हवीय?” सरांनी विचारलं.

“हो.”

“बस मग.”

त्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला, हौदावर हातपाय धुतले आणि पायरीवर येऊन टेकले. जानेवारीचं ऊन होतं, बसायला बरं वाटत होतं. मृदुलानं अहवाल पुढं केला. सरांनी तो घेतला आणि न उघडता मांडीखाली ठेवला, वारं होतं म्हणून.

“दगड दाखव.”

तिनं रुमाल पसरला आणि अकरा दगड ओळीनं मांडले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. सरांनी चार नंबर उचलला. उन्हात धरला, हातावर झेलला. मृदुला वाट बघत राहिली. चाळिशी उलटली होती तिची, पण सरांच्या तोंडून ‘वा’ ऐकायला ती अजून दुसऱ्या वर्षातल्या पोरीसारखी टपलेली असायची.

सरांनी उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला. आणि चार नंबरनं टाच घासायला सुरुवात केली.

खरखर… खरखर…

“सर!”

“हं?”

“सर, तो नमुना आहे!”

“छान लागतोय.”

“चार नंबर आहे तो! त्याचा फोटो आहे अहवालात. अहो, तुम्ही काय करताय हे?”

“थंडीनं भेग पडलीय गं. रात्रंदिवस ठणकते.”

खरखर… खरखर…

मृदुला बघत राहिली. आधी राग आला, आणि मग रागाहून वाईट काहीतरी. गेले आपले सर, तिच्या मनात आलं. ज्यांनी आपल्याला दगडाकडे बघायला शिकवलं, ते आता या डोंगरावर एकटे बसून नमुन्यानं टाचा घासतायत. कुणाला तरी कळवायला हवं. सहीचं तर आता नावच नको. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

तिनं हळूच हात पुढं केला. “द्या सर, इकडे द्या.”

सरांनी लगेच दिला. “घे. घासून बघ.”

“मला नाही घासायचं.”

“मग नुसता धर.”

तिनं धरला. मूठ मिटली, आणि अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसला. खळगा अंगठ्याएवढाच होता. दगडाची दुसरी बाजू सपाट, ती तळहाताबाहेर राहिली, खाली तोंड करून.

तिनं मूठ उघडली. पुन्हा मिटली.

पुन्हा तसाच बसला.

“एक बाजू सपाट आहे,” सर म्हणाले.

“हो… माहितीय मला. लिहिलंय तसं. लाटेनं घासून…”

“लाट एकच बाजू घासते?”

तिनं पाच नंबर उलटा केला. सपाट. सहा गोल निघाला, तेव्हा तिला जरा धीर आला. सात सपाट. आठ, नऊ, दहा… अकरातले नऊ सपाट होते. आणि हे काही तिला आज कळत नव्हतं. तिनंच तक्ता केला होता त्याचा, सुबक, बाविसाव्या पानावर.

“थरातले सगळे एवढेच? लहानमोठे नाहीत?”

“नाहीत. मुठीत मावतील एवढेच. लाटेनं तेवढेच निवडून…” तिचं तिलाच पुढं बोलवेना.

“फार शहाणी लाट,” सर म्हणाले.

“सर, थट्टा नका करू.”

“नाही करत. मधे वाळू आहे?”

“नाही.”

“शिंपल्या?”

“नाहीत. पावसानं धुऊन गेल्या असतील.”

“असतील. थर पसरलाय किती?”

“तीन खड्डे घेतले. तिन्हीत आहे. वीतभर जाडी.”

“तीन खड्डे किती अंतरात?”

“वीस पावलांत. पुढं करवंदीची जाळी आहे. पण असणारच तिथंही.”

“असणारच,” सरांनी मान डोलावली. “आणि शेजारी काय?”

“काही नाही. एक झरा आहे, आटलेला.”

झरा हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिचा तिलाच ऐकू आला.

बकुळीवर एक कावळा ओरडत होता. सरांनी त्याला हाकललं. मग टाच निरखून पाहिली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “काय टाकून दिलंस?”

हा प्रश्न ते कॉलेजातही विचारायचे. शेवटच्या वर्षाची मुलं त्याला जेवढी घाबरायची तेवढी परीक्षेला नाही. काय सापडलं ते सगळेच फुशारकीनं सांगतात, सरांना पाहिजे असायचं दुसरंच.

मृदुलानं पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यातून कागदाची एक घडी काढली आणि उलगडून सरांच्या हातावर ठेवली. बांगडीचा तुकडा होता. हिरव्या काचेचा, नखाएवढा.

“वरच्या मातीत बरेच होते,” ती म्हणाली. “ते मागाहून मिसळलेले, म्हणून सोडून दिले. पण हा… हा तळाला मिळाला. दगडांच्या खाली. उंदराच्या बिळातून खाली गेला असेल, असं म्हटलं मी.”

“बीळ होतं?”

“…नाही.”

“लिहिलं नाहीस.”

“नाही.”

“आणि टाकूनही दिलं नाहीस.”

“नाही टाकवलं, सर,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चार महिने तो तुकडा तिच्या पर्समध्ये होता. सुट्टे पैसे काढताना बोटाला लागायचा आणि ती चेन ओढून घ्यायची.

सरांनी तिला रडू दिलं. समजूत घालायला गेले नाहीत. उठले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आले. एकदाचं पाणी मिळालं तिला.

“वाडीत कुणाला विचारलं होतंस?” त्यांनी विचारलं.

“विचारलं ना! हौसाबाई डोर्लेकर म्हणून आहेत, वाडीत त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांना म्हटलं, तो वरचा थर, ते दगड तिथं कधीपासून आहेत? तर म्हणाल्या, वर दगड नाय, बाय. कातळ हाय, दगड नाय.”

“मग?”

“मी लिहून घेतलं, स्थानिकांना थराची माहिती नाही.”

“खोटं बोलल्या त्या?”

“नाही हो, त्या कशाला खोटं…”

ती थांबली. हातातल्या चार नंबरकडे बघत राहिली.

चिपळूणच्या घरी न्हाणीघरात, हंड्याच्या बाजूला, असाच एक राखाडी भोकाभोकांचा तुकडा असायचा. आई रोज ओरडायची, अगं टाचा बघ, भेगा पडल्यात नुसत्या, घे ती… घे ती…

“वजरी,” मृदुला म्हणाली.

सरांनी मान वर केली.

“वजरी आहे ही! त्यांच्या लेखी हा दगडच नाही. मी दगड विचारत होते आणि… अहो, माझ्या स्वतःच्या घरी होती. वीस वर्षं घासल्यात मी टाचा. आणि मी तिला प्युमिस, प्युमिस करत…” तिनं कपाळावर हात मारला. “झऱ्यावर बायका पाय धुवायला जायच्या. पुळणीवरून हाताला बसेल असा तुकडा उचलायचा आणि वर न्यायचा. पिढ्यान् पिढ्या. ही लाट नाही, सर. हा पायांनी चढलाय डोंगर!”

“असेल.”

“असेल काय? असणारच!”

“असणारच हे तू मघाशीही म्हणालीस.”

मृदुला हसली. डोळे पुसता पुसता हसली, खांदे हलवून, इतकी की पायरीला हात टेकावा लागला तिला. तिची सुरवेळवरची चार वर्षं पाण्यात जात होती, परदेशात छापून आलेला लेख मागं घ्यावा लागणार होता, आणि हिला हलकं वाटत होतं. वेडीच म्हणायची.

“साठ घरं, सर,” ती म्हणाली. “साठ घरं राहतील जिथल्या तिथं.”

“आधी विचारून ये. या वेळी नीट.”

“तुम्हाला दगड बघताक्षणी कळलं होतं, हो ना? मुद्दाम घासलीत टाच.”

“मला?” सर म्हणाले. “मला भेग होती.”

खरं की थट्टा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही.

“चला मग. तुम्हीही चला,” ती म्हणाली, आणि सर खरंच उठले. मठीचं दार ओढून घेतलं, पायात चपला सरकवल्या. पायऱ्या उतरताना मृदुलानं विचारलं, “म्हणजे अशी लाट इथं कधी आलीच नव्हती, असं म्हणायचं?”

“ते समुद्राला विचार. या अकरा जणांना त्यातलं काही माहीत नाही, एवढंच.”

सुरवेळला पोचायला उन्हं कलली. हौसाबाई खळ्यात सुकत घातलेली मांदेली उलटवत होत्या. साठीच्या घरातली बाई, काष्टा खोचलेला, हात कोपरापर्यंत चंदेरी. मृदुलाची गाडी बघून त्यांनी मान फिरवली. गेले दोन महिने वाडीत तिला कुणी चहा विचारलेला नव्हता, आणि का विचारावा?

“हौसाबाई.”

“कागद घेऊन आलाव काय? अंगठे बापयांकडनं घ्या. मी नाय द्यायची.”

“कागद नाही. एक विचारायचंय.”

“इचारा.”

मृदुलानं चार नंबर पुढं धरला. “हे काय आहे?”

हौसाबाईंनी बघितलं. मग सरांकडे बघितलं, ह्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. “वजरी.”

“पूर्वी तुम्ही वजरी कुठं ठेवायचा?”

“कुठं म्हंजे? पान्यावर! वरल्या झऱ्यावर. मी लगीन होऊन आले तवा सासू सगळ्यात आधी पुळनीवर घेऊन गेली. म्हनली, तुझ्या हाताला बसंल अशी वजरी बघ नि ठेव वर. धुनी, पाय, सगळं वरच व्हायचं.”

“घरी का नाही आणायची?”

“वजरी?” हौसाबाई दचकल्याच. “उंबऱ्याच्या आत? अगो बाय, पायाचा मळ घरात कोन आनतंय! झिजली, फुटली, तरी तितंच टाकायची. बाई गेली तर तिची पन तितंच टाकायची. दुसरीनं वापरायची नाय. बांगडी वाढवली तर ती पन तितंच. पानी आटलं, नळ आला, मंग कोन जातंय वर? आता तित नुसतं करवंदीचं रान.”

मृदुलानं डोळे मिटले. उघडले. “हौसाबाई, मग मी तुम्हाला मागं विचारलं, तेव्हा का नाही हो सांगितलंत?”

“कंदी इचारलंव?”

“विचारलं होतं. वर दगड कधीपासून आहेत म्हणून.”

“तुमी दगड इचारलाव,” हौसाबाई म्हणाल्या. “वजरी इचारली असती तर सांगितलं असतं.”

मृदुला खळ्याच्या कडेला उकिडवी बसली, हौसाबाईंच्या समोर, आणि सगळं सांगितलं. तो थर, ती लाट, तो माळ, सगळं कशावर उभं होतं ते. स्वतःला वाचवलं नाही तिनं. बांगडीच्या तुकड्याचंही सांगितलं, आणि तो लपवला होता हेही.

हौसाबाई ऐकत होत्या. मांदेलीवर माश्या बसल्या तरी त्यांनी हात हलवला नाही.

“म्हंजे… आमी जायचं काय नाय?”

“माझ्या कागदावर नाही. मी अहवाल मागं घेतेय. परवा बैठकीत तसं उभी राहून सांगणार.”

“नक्की?”

“नक्की.”

हौसाबाईंनी हातातली मांदेली खाली ठेवली. मग त्यांनी जी हाळी दिली, ती पार बंदरापर्यंत गेली असेल. “अगो सखूऽ! द्वारके! इकडं या गोऽ! आपन नाय जायचं! ही बाय आपल्या वजरीवरनं गाव उठवीत होती!”

बायका धावत आल्या. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या कडेवर मूल. काय झालं, काय झालं! ऐकल्यावर एकीनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. दुसरी हसायला लागली, आणि मग ते हसू असं पसरलं की थांबेना. अठरा मीटरची लाट! सासवांच्या टाचांची! द्वारका म्हणाली, माझ्या सासूच्या टाचा होत्याच तशा, लाट बरी. मृदुला मधे बसून हसत होती, गालावरून पाणी वाहत होतं, आणि कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप दिला होता. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हे.

“पन तू तरी काय गो!” हौसाबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ‘तुमी’ची ‘तू’ झाली होती आता. “येवढी शिकलेली बाय…”

नंबर घातलेल्या वजऱ्या मृदुलानं त्यांच्यापुढं ठेवल्या. बायकांनी एकेक उलटून बघितली. कुणाची कुठली, ते काही कुणाला सांगता येईना, पण घरात न्यायला कुणी तयार होईना. शेवटी हौसाबाईंनी त्या ओच्यात घेतल्या. उद्या वर नेऊन टाकीन म्हणाल्या.

निघायला सूर्य टेकला. सर पुळणीवर एकटेच फिरत होते, चपला हातात घेऊन. मृदुला त्यांच्याजवळ गेली. बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर जुनी काळजी थोडी परतली होती. मोठं काही नाही. पण माणूस म्हटलं की लाज असतेच.

“सर, परवा सगळे बसलेले असणार हो. कचेरीतले मोठे साहेब, विद्यापीठाची माणसं. लाट नाही म्हटल्यावर कुणीतरी विचारणारच. बाई, चार वर्षं तुम्ही तिथं काय बघत होता?”

सर चालत राहिले.

“मी काय सांगू त्यांना?”

सरांनी पायाची वाळू झटकली. एक चप्पल घातली. दुसरी घातली…

“खरं ते सांग,” सर म्हणाले. “दगड.”